नवा फिल्टर सोसत नाही, म्हणजे नेमके काय सोसत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कुठल्याही डायलिसिस विभागाबाहेर तासभर बसले तर एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘आमच्या माणसाला नवा फिल्टर सोसत नाही, धुतलेलाच लावा.’ धुतलेला म्हणजे त्याच रुग्णाला आधी लावलेला फिल्टर साफ करून पुन्हा वापरलेला. हे वाक्य हसून सोडण्यासारखे नाही. चाळीस वर्षांपूर्वी ते बरेचसे खरे होते. आज फिल्टरची जात बदलली आहे, निर्जंतुक करण्याची पद्धत बदलली आहे, तरी समजूत तशीच चालत आली आहे. तिच्यामुळे धुतलेल्या फिल्टरचा आग्रह होतो आणि त्रासाचे खरे कारण शोधायचे राहून जाते. त्यासाठी हे पत्र.

फिल्टर म्हणजे डायलायझर. साधारण फूटभर लांबीच्या प्लास्टिकच्या नळकांड्यात दहा हजारांच्या आसपास पोकळ तंतू असतात. प्रत्येकाचा आतला व्यास सुमारे २०० मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचा पाचवा भाग. रक्त तंतूंच्या आतून जाते आणि डायलिसिसचे पाणी बाहेरून उलट्या दिशेने. सगळ्या तंतूंची भिंत उलगडून पसरली तर दीड चौरस मीटर भरेल. एवढ्या परक्या पृष्ठभागाला चार तास रक्त घासत राहते, तेव्हा शरीराने काहीच दखल घेऊ नये अशी अपेक्षा करता येत नाही. ती दखल किती आणि कशाची, एवढाच प्रश्न असतो.

जुना फिल्टर कुप्रोफॅनचा, म्हणजे कापसाच्या सेल्युलोजपासून केलेला असे. त्याच्या पृष्ठभागावर मोकळे हायड्रॉक्सिल गट असतात. रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षण यंत्रणा त्यांना शत्रू समजून जागी होते. सी३ए, सी५ए हे तुकडे सुटतात, पांढऱ्या पेशी एकमेकींना चिकटून फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात. पहिल्या पंधरा मिनिटांत रक्तातली त्यांची संख्या निम्म्याहून खाली यायची. प्राणवायू कमी व्हायचा, छातीत भरून यायचे. तोच फिल्टर धुऊन पुन्हा लावला की त्यावर रुग्णाच्याच प्रथिनांचा पातळ लेप बसलेला असे, हायड्रॉक्सिल गट झाकले जात आणि त्रास कमी होई. ‘धुतलेला बरा’ हे तेव्हाच्या रुग्णांचे निरीक्षण बरोबरच होते. एक पुरवणी मात्र हवी : धुताना ब्लीच वापरले की तो लेपही निघून जातो, मग धुतलेला फिल्टर पुन्हा नव्यासारखाच वागतो.

आज आपल्याकडे मिळणारे बहुतेक फिल्टर पॉलिसल्फोन किंवा पॉलिइथरसल्फोनचे असतात. त्यांच्यामुळे कॉम्प्लिमेंट फार कमी जागे होते. म्हणून आता नव्या फिल्टरवर त्रास झाला तर पहिला संशय पडद्यावर, म्हणजे तंतूंच्या भिंतीवर, घेऊ नये. आधी घड्याळ पाहावे. त्रास कितव्या मिनिटाला सुरू झाला, यावरून निम्मे निदान होते.

सुरू करताच किंवा पहिल्या पाच ते वीस मिनिटांत अंगभर आग, खाज, गांधी, धाप, पोटात कळ, ‘आता माझे काही खरे नाही’ अशी घाबरगुंडी, रक्तदाब खाली : हा खरा ॲलर्जीचा झटका. इथे पंप थांबवायचा, रक्ताच्या दोन्ही नळ्यांना, म्हणजे लाइनला, क्लॅम्प (चिमटे) लावायचे आणि लाइनमधले रक्त परत द्यायचे नाही. ते जेमतेम पाव लिटर रक्त वाया जाते म्हणून हळहळणारे बरेच भेटतात, पण ज्या पदार्थाने झटका आला तो त्याच रक्तात आहे. ऑक्सिजन, मांडीच्या स्नायूत ०.५ मिलीग्रॅम ॲड्रेनालिन, शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन आणि ॲलर्जीचे औषध. ॲड्रेनालिन शोधायला कपाट उघडावे लागत असेल तर ते विभागातच नाही असे धरून चाला.

वीस ते चाळीस मिनिटांदरम्यान छातीत किंवा पाठीत दुखणे, थोडी धाप, बाकी काही नाही : हा सौम्य प्रकार. ऑक्सिजन देऊन, हृदयाचा त्रास नाही याची खात्री करून डायलिसिस बहुधा पुढे चालू ठेवता येते आणि तासाभरात दुखणे ओसरते. याउलट अर्ध्या ते सव्वा तासानंतर हुडहुडी भरून थंडी, मग ताप आला, तर फिल्टरपेक्षा पाणी किंवा कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी) यांच्याकडे बोट जाते. ताप डायलिसिसपूर्वी नव्हता, संपल्यावर काही तासांत उतरला आणि त्याच शिफ्टमधल्या दुसऱ्या खाटेवरही थंडी वाजली, तर पाण्याबद्दल शंका उरत नाही.

आता ॲलर्जीच्या झटक्याची कारणे. पहिले, इथिलीन ऑक्साइड वायू. फिल्टर निर्जंतुक करण्याची ही जुनी आणि स्वस्त पद्धत. नळकांड्याच्या दोन्ही टोकांना तंतूंची जुडी पॉलियुरेथेनच्या घट्ट थरात रोवलेली असते. हा थर वायू शोषून घेतो आणि सावकाश सोडत राहतो. वायू रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटला की काही जणांच्या शरीरात त्याविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जीची, प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढच्या वेळी झटका येतो. आज बरेच फिल्टर वाफेने, गॅमा किरणांनी किंवा इलेक्ट्रॉन झोताने निर्जंतुक होतात. फिल्टर वायूचा असो वा वाफेचा, रक्ताच्या लाइन मात्र अनेकदा वायूच्याच असतात, हे विसरू नये. वेष्टनावर चौकटीत ‘स्टराइल’ शब्दापुढे ‘ईओ’ अक्षरे असली तर वायू, ‘आर’ असले तर किरण, तापमापीचे चित्र असले तर वाफ किंवा कोरडी उष्णता. दोनच्या आकड्यावर काट मारलेली असली तर वस्तू एकदाच वापरायची. एवढे चार संकेत ओळखायला इंग्रजी यावे लागत नाही.

वायूवर हाताशी असलेला उपाय म्हणजे लावण्यापूर्वी फिल्टर सलाइनने नीट धुणे, म्हणजेच प्रायमिंग. आणि चूक होते ती इथेच. फिल्टर लाल टोक खाली ठेवून उभा लावायचा, म्हणजे सलाइन खालून वर चढताना तंतूंतली हवा वर निघून जाते. पंप मिनिटाला १५० ते २०० मिली, त्याहून जोरात नाही. हवा सुटावी म्हणून तळहाताने हलके थोपटायचे. क्लॅम्पने किंवा कात्रीच्या मुठीने ठोकले तर तंतू तुटतात, मग रक्तगळतीचा अलार्म वाजला की दोष कंपनीला. पहिले पूर्ण एक लिटर सलाइन बादलीत जाऊ द्यायचे. मग डायलिसिसच्या पाण्याची जोडणी करून दहा ते पंधरा मिनिटे सलाइन फिरते ठेवायचे. रुग्णाला यायला उशीर झाला, वजन करायला वेळ गेला, असे अर्धा-पाऊण तास निघून गेले, तर पॉलियुरेथेनमधून सुटलेला वायू त्या थांबलेल्या सलाइनमध्ये जमा झालेला असतो. जोडण्याच्या क्षणी आणखी निदान अर्धा लिटर ताजे सलाइन सोडून आधीचे फेकायचे. ही शेवटची पायरी गर्दीच्या सकाळी हमखास गळते. पाचशे मिलीची एक बाटली वाचवायला म्हणून प्रायमिंगचे सलाइन रुग्णाच्या अंगात सोडणे तर सरळ चूक आहे.

दुसरे कारण औषधाचे. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल अशी ‘प्रिल’वर संपणारी गोळी चालू असेल आणि फिल्टर पॉलिॲक्रिलोनायट्रिलच्या एएन६९ जातीचा असेल, तर दोन्ही मिळून झटका येऊ शकतो. या पडद्यावर ऋण प्रभार जास्त असतो, त्याने रक्तात ब्रॅडिकायनिन तयार होते, आणि ते मोडणारे विकर नेमके या गोळीने अडवलेले असते. १९९० च्या सुमारास हे ध्यानात आले. हा पडदा मुख्यतः अतिदक्षता विभागातल्या सलग चालणाऱ्या यंत्रांवर भेटतो, म्हणून तिथे दाखल करताना गोळ्यांची यादी सांगणे महत्त्वाचे. गोळी स्वतःहून बंद करू नये. ‘सार्टन’वर संपणाऱ्या गोळ्या हे विकर अडवत नाहीत, डॉक्टरांना बदल करता येतो.

तिसरे कारण अलीकडचे आणि जरा फसवे. पॉलिसल्फोन मुळात पाणी झिडकारणारे प्लास्टिक. त्याला पाणी धरता यावे म्हणून त्यात पीव्हीपी, म्हणजे पॉलिव्हिनिलपायरोलिडोन, मिसळतात. काही थोड्या रुग्णांना पॉलिसल्फोनच्या फिल्टरवर वारंवार झटके येतात आणि तिथे संशय पीव्हीपीवर घेतला जातो. अशा रुग्णाचा फिल्टर बदलला म्हणून पॉलिसल्फोन काढून पॉलिइथरसल्फोन लावले, तर कंपनी बदलली, नाव बदलले, कूळ तेच राहिले. त्यातही बहुधा पीव्हीपी असतेच. खरा बदल हवा तर सेल्युलोज ट्रायॲसिटेट किंवा पीएमएमए अशा वेगळ्या कुळातला पडदा मागवावा लागतो. ते जिल्ह्याच्या दुकानात पडून नसतात, आठवडा आधी सांगावे लागते. इलेक्ट्रॉन झोताने निर्जंतुक केलेल्या पॉलिसल्फोनवर काहींच्या प्लेटलेट डायलिसिसनंतर घसरतात, हेही नोंदले गेले आहे. प्लेटलेट कमी का, हे शोधताना डायलिसिसपूर्वीची आणि नंतरची अशी दोन्ही वेळची तपासणी करावी.

प्लेटलेटचा विषय निघालाच आहे तर हेपॅरिन, म्हणजे डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे औषध. सुरुवातीच्या पाच ते चौदा दिवसांत प्लेटलेट निम्म्यावर आल्या आणि पुरेसे हेपॅरिन असूनही फिल्टर गोठू लागला, तर हेपॅरिननेच उलट गुठळ्या होत असण्याची शक्यता असते. तेव्हा हेपॅरिन सगळीकडून बंद : पंपातून, सलाइनमधून आणि कॅथेटरमध्ये भरून ठेवायच्या डोसातूनही. शेवटचे विसरले जाते. कॅथेटर भरायला चार टक्के सायट्रेट चालते. हेपॅरिनचा दुसरा धडा २००७-०८ चा. अमेरिकेत डायलिसिसच्या रुग्णांना अचानक झटके येऊ लागले, संशय आधी लाइन-फिल्टरवर गेला, आणि निघाले हेपॅरिनमध्ये मिसळलेले ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट. २००१ साली क्रोएशिया आणि स्पेनमध्ये मात्र फिल्टरच दोषी होता. कारखान्यात तंतूंची गळती तपासायला वापरलेला परफ्लुरोकार्बन द्रव फिल्टरमध्ये राहून गेला होता, त्याचे बुडबुडे फुप्फुसात अडकून अनेक देशांत मिळून पन्नासच्या वर माणसे गेली. म्हणून झटका आलेला फिल्टर कचऱ्यात टाकू नये. बॅच क्रमांकासह पिशवीत बंद करून ठेवावा आणि कळवावे. अशा उपकरणांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचे काम आहे. बॅचच खराब असेल तर ते एका दवाखान्याला कळत नाही, दहा ठिकाणच्या नोंदी एकत्र आल्यावर कळते.

आता पाणी. याच्यावर आमचा भर जास्त आहे, कारण सीमाभागात ‘फिल्टर सोसत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत पाण्याकडे सगळ्यात शेवटी पाहिले जाते. मिनिटाला ५०० मिली या हिशेबाने चार तासांत १२० लिटर पाणी त्या पातळ पडद्यापलीकडून रक्ताला भिडते. निरोगी माणूस दोन महिन्यांत पितो तेवढे पाणी एका बैठकीत, आणि तेही आतड्याची गाळणी मध्ये नसताना. पाण्यात जिवाणूंच्या कवचाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, असतील तर हाय-फ्लक्स, म्हणजे मोठ्या छिद्रांच्या, पडद्यातून ते उलटे रक्ताकडे सरकू शकतात. पडदा कितीही महाग घेतला तरी पाणी घाण असेल तर शरीराला तो सोसणार नाही. पाण्याची मर्यादा मिलीलिटरमागे १०० जिवाणू वसाहती आणि ०.२५ एकक एंडोटॉक्सिन. निम्म्यावर आले की यंत्रणा धुवायला घ्यायची, मर्यादा ओलांडायची वाट पाहायची नाही. अतिशुद्ध पाण्याची मर्यादा ०.१ वसाहत आणि ०.०३ एकक, त्यासाठी यंत्रावर वेगळा अल्ट्राफिल्टर लागतो आणि तो मुदतीत बदलावा लागतो.

बेळगाव शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलचे. पावसाळ्यात ते गढूळ येते, तुरटी वाढते, क्लोरीनही वाढते. ईशान्येला अथणी-रायबागकडे गेले की बोअरचे जड पाणी, आणि उन्हाळ्यात टँकर. म्हणजे जूनमध्ये चांगली चाललेली यंत्रणा ऑगस्टमध्ये आणि एप्रिलमध्ये तशीच चालेल असे धरता येत नाही. तुरटीतले ॲल्युमिनियम लिटरला ०.०१ मिलीग्रॅमच्या वर राहिले तर ते वर्षानुवर्षे हाडांत आणि मेंदूत साचते. क्लोरीनपासून बनणाऱ्या क्लोरामाइनने तांबड्या पेशी फुटतात, रुग्ण फिकट पडत जातो आणि रक्त वाढवणारी इरिथ्रोपोइटिनची इंजेक्शने वाया जातात. एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलीग्रॅमच्या आत हवे. आरओचा पडदा क्लोरामाइन पुरते अडवत नाही, ते काम कार्बनच्या टाकीचे. कार्बनला पाण्याशी दहा मिनिटे संपर्क लागतो. आरओला मिनिटाला २० लिटर पाणी जात असेल तर २०० लिटर कार्बन हवा, शंभर-शंभरच्या दोन टाक्या एकामागे एक. खाटा चारच्या आठ झाल्या, आरओ मोठा बसवला, टाक्या मात्र त्याच राहिल्या, असे झाले की संपर्काचा वेळ निम्मा होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तपासणीचे पाणी पहिल्या टाकीनंतर घ्यायचे, यंत्रणा पंधरा मिनिटे चालल्यावर, आणि प्रत्येक शिफ्टपूर्वी. पहिल्या टाकीतून क्लोरीन निसटू लागले तर दुसरी सांभाळते, तेवढ्या वेळात पहिली बदलायची. तिथे नळच बसवलेला नसेल तर ही तपासणी कागदावरच होत असते.

पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरचे मीठ संपले आणि जड पाणी पुढे गेले तर डायलिसिस सुरू झाल्यावर मळमळ, उलटी, डोकेदुखी, रक्तदाब वर. हेही लोक ‘फिल्टर लागला’ म्हणून सांगतात. मिठाची टाकी झाकण उघडून पाहायला अर्धे मिनिट लागते.

धुऊन वापरायच्या फिल्टरबद्दल. तो वापरूच नये असे आम्ही म्हणत नाही, पण नियम पाळला गेला पाहिजे. नव्या फिल्टरमध्ये ११० मिली मावत असेल तर धुतल्यावर ८८ मिलीच्या खाली आलेला, म्हणजे ८० टक्क्यांच्या आतला, फेकायचा. हे मोजमाप प्रत्येक वेळी, अंदाजाने नाही. पेरॲसिटिक ॲसिडमध्ये किमान अकरा तास, चार टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये चोवीस तास. लावण्यापूर्वी उरलेले रसायन पट्टीने तपासायचे : पेरॲसिटिक ३ पीपीएमच्या आत, फॉर्मल्डिहाइड ५ पीपीएमच्या आत. फॉर्मल्डिहाइड मागे राहत गेले तर तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. ब्लीच जास्त झाले तर पॉलिसल्फोनमधले पीव्हीपी निघून जाते, छिद्रे मोठी होतात आणि अल्ब्युमिन गळते. आधीच जेवण कमी असलेल्या माणसाचे अल्ब्युमिन डायलिसिसमध्येच जावे, हे परवडणारे नाही.

कॅथेटरविषयी थोडक्यात. बहुतेक कॅथेटर पॉलियुरेथेनचे. स्पिरिट चोळत राहिल्याने आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या मलमाने ते कमजोर होतात, चिरतात. जखमेला काय लावायचे हे कॅथेटरच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, ते वाचून ठरवावे. कायमच्या कॅथेटरवरच्या डॅक्रॉनच्या पट्टीत मांस भरायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर टाके काढायची घाई नको. आणि शरीराला सगळ्यांत चांगली सोसते ती स्वतःचीच शीर. फिस्टुला, म्हणजे हातातली शीर धमनीला जोडून केलेली वाट, आधीच करून ठेवला तर निम्मे प्लास्टिक टळते.

शेवटी मागणी. सीमाभागातला रुग्ण एका दवाखान्याचा राहत नाही. निपाणीचा कोल्हापूरला जातो, चंदगडचा बेळगावला येतो, लग्नकार्यात चार दिवस मिरजेत काढतो. त्याच्या फाईलमध्ये यूरिया-क्रिएटिनिनचे कागद गठ्ठ्याने असतात, पण फिल्टर कुठला होता हे कुठेच नसते. दोन्ही राज्यांतल्या डायलिसिस विभागांनी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एक कार्ड द्यावे. त्यावर फिल्टरचे पूर्ण नाव आणि पडदा, चौरस मीटर, निर्जंतुकीकरणाची पद्धत, नवा की कितव्यांदा, हेपॅरिनचा डोस आणि त्रास झाला असेल तर कितव्या मिनिटाला आणि काय झाले, एवढे असावे. नुसते ‘रिॲक्शन’ लिहिले तर पुढच्या दवाखान्याला त्यातून काहीच कळत नाही.

कार्ड मिळेपर्यंत नातेवाइकांनी फिल्टरच्या वेष्टनावरचे लेबल आणि रक्ताच्या लाइनचे लेबल मागून घ्यावे, मागे तारीख लिहावी आणि फाईलला टाचून ठेवावे. धुतलेला फिल्टर असेल तर नळकांड्यावरच्या लेबलचा फोटो काढावा, त्यावर रुग्णाचे नाव आपलेच आहे ना हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

आपले,
सीमाभागातील काही डायलिसिस तंत्रज्ञ व परिचारिका, बेळगाव